औषध जसंच्या तसं बाहेर पडत असेल, तर इंटरॲक्शनच्या तक्त्यातून त्याला वगळायचं का?

खलबत्ता

औषधांच्या आपसांतल्या इंटरॲक्शन्सचा एक तक्ता करायला घेतला आहे. मांडणी नेहमीचीच: डावीकडे औषध, पुढे ते कोणत्या सीवायपी एन्झाइमने मोडतं, त्यापुढे ते एन्झाइम अडवणारी आणि वाढवणारी औषधं. घोडं अडलं ते ज्यांचं चयापचय जवळपास होतच नाही अशा औषधांपाशी. मेटफॉर्मिन लघवीतून जसंच्या तसं जातं. फेक्सोफेनाडिनचं यकृतात फारसं काही होत नाही. डिगॉक्सिनचा मोठा भाग मूत्रपिंडातून न बदलता बाहेर पडतो. रोसुवास्टॅटिन जेमतेम १० टक्के मोडतं. यांच्यापुढे एन्झाइमचा रकाना रिकामाच राहतो.

माझं मत असं की ही औषधं तक्त्यातून काढून टाकावीत. मोडणारं एन्झाइमच नसेल तर अडणार काय? पण डिगॉक्सिनबरोबर क्विनिडिन दिलं की डिगॉक्सिनची रक्तपातळी साधारण दुप्पट होते, ही जुनी आणि पक्की गोष्ट आहे, आणि ती माझ्या मतात बसत नाही. मूत्रपिंड म्हणजे गाळणी, तर क्विनिडिनने गाळणीत काय फरक पडावा? जाणकारांनी लिहावं.

केशिका

वगळू नका. उलट हीच औषधं आधी घ्या.

तुमच्या मांडणीत औषध पेशीच्या आत आपोआप शिरतं आणि आपोआप बाहेर येतं असं धरलेलं आहे. पेशीचं पटल चरबीचं असतं. लहान, तेलात विरघळणारे रेणू त्यातून झिरपतात हे खरं, पण मेटफॉर्मिनसारखा विद्युतभार असलेला रेणू नुसता झिरपून पुरेसा आत जाणार नाही. त्याला वाहक प्रथिन लागतं. या वाहकांची दोन मोठी घराणी आहेत. एसएलसी घराण्यात चारशेहून जास्त सदस्य आहेत आणि औषधांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा रेणू पेशीत आणतात (ओएटीपी, ओसीटी, ओएटी, पेप्टी-१). एबीसी घराणं एटीपी (पेशीचं इंधन) जाळून रेणू बाहेर फेकतं (पी-ग्लायकोप्रोटीन म्हणजे पी-जीपी, बीसीआरपी, एमआरपी).

महत्त्वाचं म्हणजे वाहक पेशीच्या कोणत्या बाजूला बसला आहे. पी-जीपी आतड्यात पोकळीच्या बाजूला असतो, म्हणून आत आलेलं औषध पुन्हा आतड्यात ढकलतो. यकृतात तो पित्तनलिकेच्या बाजूला, मूत्रपिंडात लघवीच्या बाजूला, मेंदूच्या केशिकांत रक्ताच्या बाजूला. प्रथिन एकच, पण चारही ठिकाणी त्याचं काम औषधाला शरीराबाहेर किंवा मेंदूबाहेर ठेवायचं. क्विनिडिन हा पंप अडवतं. डिगॉक्सिन आतड्यातून जास्त शोषलं जातं आणि मूत्रपिंडातून कमी टाकलं जातं. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णात डिगॉक्सिनची पातळी दर मिलिलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅममध्ये ठेवायची असते. तिथे दुप्पट होणं म्हणजे विषबाधेच्या हद्दीकडे सरकणं.

तराजू

मूत्रपिंड गाळणी आहे, पण नुसती गाळणी नाही. हे आकड्यांनी तपासता येतं, आणि तक्ता करताना प्रत्येक औषधासाठी करून बघावंच.

आधी औषधाचा प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा भाग घ्या. त्याला गाळण्याच्या वेगाने गुणा, म्हणजे निरोगी प्रौढात मिनिटाला साधारण १२० मिलिलिटर. नुसतं गाळणंच होत असतं तर मूत्रपिंडाचा क्लिअरन्स (मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव औषधापासून पूर्ण साफ होतो ते) एवढाच आला असता. मग मोजलेल्या क्लिअरन्सशी तुलना करा. मेटफॉर्मिन प्रथिनांना जवळपास चिकटतच नाही, म्हणजे गाळण्याने १२० यायला हवेत. प्रत्यक्षात त्याचा मूत्रपिंडाचा क्लिअरन्स क्रिएटिनिनच्या क्लिअरन्सच्या (म्हणजे गाळण्याच्या वेगाच्या नेहमीच्या मापाच्या) साडेतीन पट आहे. वरचा सगळा हिस्सा नलिकेच्या पेशींनी रक्तातून ओढून लघवीत टाकलेला. रक्ताच्या बाजूने ओसीटी-२ आत घेतो, लघवीच्या बाजूने मेट-१ आणि मेट-२के बाहेर सोडतात. दोन दारं, आणि त्यातलं कुठलंही अडू शकतं.

उलटंही होतं. लिथियम चिकटत नाही, पूर्ण गाळलं जातं, पण क्लिअरन्स गाळण्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच येतो, कारण सोडियमच्या वाटेने सुमारे ८० टक्के परत शोषलं जातं. म्हणून थायझाइड (लघवीवाटे सोडियम घालवणारं औषध) दिल्यावर ती तूट भरायला शरीर सोडियम धरून ठेवायला लागतं आणि लिथियमही त्याबरोबर अडकतं.

आकडा गाळण्यापेक्षा बराच मोठा आला तर वाहक आहे. बराच लहान आला तर पुनर्शोषण आहे. बरोबरीत आला तर मात्र काही नाही असं समजू नका, दोन्ही एकमेकांना कापत असू शकतात.

दवबिंदू

+१. वरची गुणाकाराची रीत तक्त्याच्या पहिल्या पानावर छापा.

पाणघडी

थोडा विरोध नोंदवतो. पी-जीपीचा बाऊ फार केला जातो. प्रयोगशाळेत पी-जीपीचा सब्स्ट्रेट (म्हणजे तो वाहून नेतो असा रेणू) ठरलेलं प्रत्येक औषध आतड्यात अडतं असं नाही. व्हेरापामिल पी-जीपीला चिकटतं, तरी तोंडाने दिलेल्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त शोषलं जातं. त्याची बायोअव्हेलेबिलिटी (शेवटी रक्तात पोहोचणारा हिस्सा) २० ते ३५ टक्क्यांवर येते ती यकृतातल्या पहिल्याच फेरीत ते मोडतं म्हणून. झिरपण्याचा वेग चांगला असेल तर पंपाने बाहेर टाकलेला रेणू पुन्हा आत येतो. शिवाय २०० मिलिग्रॅमची गोळी २५० मिलिलिटर पाण्यात विरघळली तर आतड्यातली सांद्रता इतकी चढते की पंपाची क्षमताच संपते. पी-जीपीचा रकाना जवळपास प्रत्येक औषधापुढे 'हो' म्हणेल आणि वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

केशिका

@पाणघडी, आतड्यापुरतं अगदी मान्य. पी-जीपी आतड्यात खऱ्या अर्थाने भारी पडतो तो मात्रा लहान असेल, झिरपणं मंद असेल किंवा विद्राव्यता कमी असेल तेव्हा. डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅमचं असतं, तिथे पंप कधी भरून जात नाही.

पण मेंदूच्या दारात तुमचा हिशोब लागू होत नाही. तिथे आतड्यातली सांद्रता नाही, रक्तातली मोकळी सांद्रता असते, आणि ती शेकडो पटींनी कमी. पंपाची क्षमता तिथे संपत नाही. जुलाबावरचं लोपेरामाइड हा ओपिऑइडच आहे, पण नेहमीच्या मात्रेत गुंगी आणत नाही, कारण पी-जीपी त्याला मेंदूत टिकू देत नाही. निरोगी स्वयंसेवकांना त्याबरोबर क्विनिडिन दिल्यावर श्वसन मंदावल्याचं मोजलं गेलं आहे. रक्तपातळीतल्या वाढीने त्याचा खुलासा होत नाही, ते मेंदूत गेल्यामुळे झालं. रक्ताचा नमुना बघून 'इंटरॲक्शन नाही' म्हणणारा इथे फसतो.

अवांतर: हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते उंदरांत. अॅमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेत पी-जीपीचं जनुक काढून टाकलेले उंदीर होते. किडीसाठी त्यांच्यावर आयव्हरमेक्टिन फवारलं आणि साधे उंदीर ठणठणीत राहिले, हे मात्र मेले. १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. कोली जातीच्या कुत्र्यांपैकी अनेकांत याच जनुकात चार अक्षरं गळालेली असतात, म्हणून त्यांना आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रा चालत नाहीत.

नीलपेशी

नावाबद्दल एक छोटी भर. १९७६ मध्ये कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशींत हे प्रथिन सापडलं. तेव्हा समज असा होता की औषध पेशीत शिरतच नाही, म्हणून 'पी' म्हणजे पर्मिएबिलिटी. शिरतं, पण लगेच बाहेर फेकलं जातं, हे नंतर उलगडलं. नाव मात्र तेच राहिलं.

मात्राविचार

पाणघडींच्या मुद्द्याला धरूनच: आतड्यातला पी-जीपी कुठे मोजायचा याचं उत्तम उदाहरण डाबिगॅट्रान. गोळीत असतं ते डाबिगॅट्रान एटेक्सिलेट. पी-जीपी या एटेक्सिलेट रूपाला बाहेर फेकतो. शरीरात तयार होणारं डाबिगॅट्रान पी-जीपीचं सब्स्ट्रेट नाही. म्हणजे सगळी कुस्ती आतड्यातच, आणि तीही गोळी तिथे असेपर्यंतच. बायोअव्हेलेबिलिटी मुळात ६ ते ७ टक्के, त्यामुळे थोडा पंप अडला तरी आकडा मोठा हलतो. पी-जीपी अडवणारं, झटपट विरघळणारं व्हेरापामिल एक तास आधी दिलं तर रक्तातला एकूण संपर्क (किती पातळी किती वेळ राहिली त्याची बेरीज) दुपटीहून जास्त होतो. तेच डाबिगॅट्रान दोन तास आधी देऊन मग व्हेरापामिल दिलं तर वाढ किरकोळ. इथे नुसतं वेळापत्रक बदलून काम भागतं. सीवायपीच्या इंटरॲक्शनमध्ये असं क्वचितच जमतं.

रिफॅम्पिसिन उलट बाजूने जातं. ते आठवडाभर घेतल्यावर आतड्यात पी-जीपीचं प्रमाण वाढतं आणि डाबिगॅट्रानचा संपर्क साधारण दोन तृतीयांशाने घटतो. रक्त गोठू न देणाऱ्या औषधात ही घट वाढीइतकीच घातक.

आणि कॅप्सूल उघडून आतले दाणे देऊ नयेत. दाण्यांत टार्टारिक आम्ल असतं, उघडे दिले तर शोषण सुमारे ७५ टक्क्यांनी वाढतं. याचा पी-जीपीशी संबंध नाही, पण याच औषधाच्या ओळीत ही सूचना हवी.

खलबत्ता

सगळ्यांचे आभार. वगळण्याचं मत मागे घेतो. पण एका ठिकाणी अडखळलो. ग्रेपफ्रूटचा रस फेलोडिपिनची पातळी वाढवतो, आणि फेक्सोफेनाडिनची कमी करतो म्हणतात. एकच रस दोन्हीकडे कसा?

मात्राविचार

कारण तो दोन वेगळ्या जागी हात घालतो. फेलोडिपिनला आतड्याच्या भिंतीतलं सीवायपी३ए४ मोडतं. रसातली फ्युरानोकुमारिन्स ते एन्झाइम कायमचं निकामी करतात, नवं तयार होईपर्यंत एक दिवस किंवा जास्त जातो. म्हणून तिथे सकाळी रस आणि संध्याकाळी गोळी असं अंतर ठेवून भागत नाही.

फेक्सोफेनाडिन मोडत नाही, त्याला आत आणावं लागतं. आतड्यातले ओएटीपी वाहक ते काम करतात आणि रसातले नारिंजिनसारखे फ्लेव्होनॉइड त्यांना अडवतात. संत्र्याचा आणि सफरचंदाचा रसही हे करतो, म्हणून औषधाच्या पत्रकात 'पाण्याबरोबर घ्या' असं लिहिलेलं असतं. इथला अडथळा तात्पुरता असतो, चार तासांचं अंतर ठेवलं की परिणाम उरत नाही. तक्त्यात 'रस टाळा' एवढंच लिहू नका. पातळी वाढते की घटते आणि किती तास, हे दोन्ही लिहा.

पाणघडी

आत आणणाऱ्या वाहकांबद्दल माझा काहीच विरोध नाही, उलट ते दुर्लक्षित आहेत. गाबापेंटिन बघा. अमिनो आम्लांच्या वाहकावरून शोषलं जातं आणि वाहकाची क्षमता मर्यादित. दिवसाला ९०० मिलिग्रॅम तीन भागांत दिलं तर ६० टक्के शोषलं जातं, २४०० ला ३४ टक्के, ४८०० ला २७ टक्के. मात्रा दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होईल ही अपेक्षाच चूक. एकाच वेळी मोठी मात्रा देण्यापेक्षा दिवसात विभागून देण्यात शोषण जास्त मिळतं. प्रीगाबालिनचं असं होत नाही, ते ९० टक्क्यांवर टिकतं.

आणि वाहकाचा मुद्दाम उपयोग केल्याचं उदाहरण म्हणजे व्हॅलासायक्लोव्हिर. असायक्लोव्हिर १० ते २० टक्केच शोषलं जातं. त्याला व्हॅलिन जोडलं की लहान पेप्टाइडं वाहणारा पेप्टी-१ त्याला आपला समजून उचलतो, आणि आकडा ५४ टक्क्यांवर जातो.

निवळी

मूत्रपिंडाबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती रोज गोंधळ घालते. क्रिएटिनिन स्वतःच ओसीटी-२ आणि मेटवरून नलिकेत टाकलं जातं. डोल्युटेग्रॅव्हिर, ट्रायमेथोप्रिम, सिमेटिडिन किंवा कोबिसिस्टॅट दिलं की हा रस्ता अडतो आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. गाळणी जशीच्या तशी असते. डोल्युटेग्रॅव्हिरमध्ये ही वाढ साधारण ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, सुरुवातीच्या काही आठवड्यांत, आणि मग स्थिर. चढतच राहिली तर कारण दुसरं शोधा. शंका असेल तर सिस्टॅटिन सी मागवा, ते या वाहकांवर अवलंबून नाही.

ट्रायमेथोप्रिमच्या बाबतीत मात्र 'फक्त वाहक अडला' म्हणून निर्धास्त राहू नका. ते मूत्रपिंडातली सोडियमची वाहिनीही अडवतं आणि पोटॅशियम वाढवतं. क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की त्याच नमुन्यात पोटॅशियम बघायचं.

डोल्युटेग्रॅव्हिर मेटफॉर्मिनलाही अडवतं. ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा दिलं तर मेटफॉर्मिनचा संपर्क ७९ टक्क्यांनी वाढतो. दोन्ही एकत्र सुरू करताना मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये.

केशिका

निवळींनी ओसीटी काढलंच आहे तर ओएटीबद्दलही. प्रोबेनेसिड ओएटी-१ आणि ओएटी-३ अडवतं, म्हणून पेनिसिलिन लघवीतून वाहून जायचं थांबतं. पेनिसिलिन पुरवून वापरण्यासाठी ही युक्ती पूर्वी कामाला आली. सिडोफोव्हिरमध्ये हीच युक्ती मूत्रपिंड वाचवायला वापरतात, कारण ते औषध ओएटीवरून नलिकेच्या पेशींत साचून त्यांना मारतं: प्रोबेनेसिड २ ग्रॅम तीन तास आधी, मग सलाइनमधून औषध संपल्यावर दोन तासांनी १ ग्रॅम आणि आठ तासांनी १ ग्रॅम. सोबत शिरेतून सलाइन.

धोक्याची बाजू म्हणजे मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट. वेदनाशामक एनएसएआयडी, पेनिसिलिन, आम्लपित्तावरची पीपीआय औषधं यांनी त्याचा निचरा रेंगाळू शकतो. ती आधीच बंद करायची, लघवीचा पीएच ७ किंवा जास्त ठेवायचा (आम्लधर्मी लघवीत मेथोट्रेक्सेट विरघळत नाही आणि नलिकांत स्फटिक होतात), आणि ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा) कधी थांबवायचं हे पातळी मोजून ठरवायचं.

फ्युरोसेमाइडचं तर मला नेहमी नवल वाटतं. त्याचं लक्ष्य नलिकेच्या आतल्या बाजूला आहे, आणि ९५ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटल्यामुळे ते फारसं गाळलंच जात नाही. ओएटीने उचलून नलिकेत टाकलं तरच ते काम करतं. मूत्रपिंड निकामी होत असताना रक्तात साचलेली सेंद्रिय आम्लं हाच वाहक अडवून बसतात. मात्रा वाढवावी लागते त्याचं एक कारण हे.

तराजू

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनवर कोणीच लिहिलं नाही, आणि रोसुवास्टॅटिन तर मूळ प्रश्नातच आहे.

रक्तातून यकृताच्या पेशीत आणणारा वाहक ओएटीपी१बी१. सायक्लोस्पोरिन त्याला आणि बीसीआरपीलाही अडवतं, तेव्हा रोसुवास्टॅटिनचा संपर्क सुमारे सात पट होतो. म्हणून त्या जोडीत रोजची कमाल मात्रा ५ मिलिग्रॅम. सेरिवास्टॅटिन ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. जेमफायब्रोझिलबरोबर त्याने स्नायू विरघळण्याचे प्रकार झाले होते. जेमफायब्रोझिलचा ग्लुकुरोनाइड सीवायपी२सी८ आणि ओएटीपी१बी१ दोन्ही अडवतो, दारही बंद आणि आतलं यंत्रही बंद.

जनुकीय फरकही मोजण्यासारखे आहेत. या वाहकाच्या जनुकात ५२१ व्या जागी टी ऐवजी सी असेल तर तो कमी काम करतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्च अभ्यासात सिम्वास्टॅटिन ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत अशा एका प्रतीमागे स्नायूविकाराची शक्यता साडेचार पट होती, दोन्ही प्रती तशा असतील तर सुमारे १७ पट.

दवबिंदू

यकृतात कमी स्टॅटिन जातं तर कोलेस्टेरॉल उतरणंही तेवढंच कमी व्हायला हवं ना? मग सात पट संपर्क म्हणजे निम्मं औषध वाया?

तराजू

असं वाटतं, पण तसं होत नाही. औषधाला बाहेर पडायला मुख्यतः यकृताचीच वाट असेल तर दार अरुंद झालं तरी ते शेवटी त्याच दारातून जाणार, फक्त उशिरा. रक्तात साचतं, साचल्यामुळे आत ढकलणारी सांद्रता वाढते, आणि यकृतातला एकूण संपर्क फारसा घटत नाही. तो ठरतो पुढच्या पायऱ्यांवर, म्हणजे मोडणं आणि पित्तात टाकणं. स्नायूंना मात्र रक्तातली वाढलेली पातळी पूर्ण दिवस झेलावी लागते. म्हणून फायदा जवळपास तेवढाच आणि धोका कितीतरी जास्त. रोसुवास्टॅटिनला मूत्रपिंडाचीही थोडी वाट आहे, त्यामुळे त्याचं गणित थोडं वेगळं, पण दिशा तीच.

नीलपेशी

प्रयोगशाळेच्या बाजूने एक सावधगिरी, कारण 'पी-जीपी सब्स्ट्रेट: हो/नाही' हा शेरा येतो कुठून ते माहीत हवं. काको-२ (आतड्याच्या कर्करोगातून वाढवलेल्या) पेशी सच्छिद्र पडद्यावर साधारण २१ दिवस वाढवतात. थर अखंड आहे का ते विद्युतरोधावरून बघतात. मग औषध एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर किती वेगाने जातं ते मोजतात. खालून वरचा वेग वरून खालच्या दुप्पट किंवा जास्त असेल आणि पी-जीपी अडवल्यावर हा फरक निम्म्याहून कमी होत असेल, तर सब्स्ट्रेट.

चुका कुठे होतात? चाचणी १०० मायक्रोमोलरला केली तर पंप भरून जातो आणि गुणोत्तर १ येतं. तेच १ मायक्रोमोलरला ८ येऊ शकतं. तेलकट रेणू प्लास्टिकला चिकटतात, म्हणून शेवटी दोन्ही बाजू मिळून किती परत मिळालं याचा हिशोब जुळायलाच हवा. तो दिलेला नसेल तर गुणोत्तरावर विश्वास ठेवू नये.

खलबत्ता

तक्त्याची नवी रचना अशी करतो: मूत्रपिंडाचा क्लिअरन्स भागिले (मोकळा भाग गुणिले गाळणं). आत आणणारा वाहक आणि अवयव. बाहेर टाकणारा वाहक आणि अवयव. मात्रा भागिले २५० मिलिलिटर. पातळी वाढते की घटते, आणि वेळेचं अंतर ठेवून भागतं का. रिफॅम्पिसिनपुढे अॅटॉर्वास्टॅटिनसाठी 'घटते' लिहिलं आहे. बरोबर?

मात्राविचार

अर्धंच. रिफॅम्पिसिनला दोन ओळी द्या. एकच ६०० मिलिग्रॅमची मात्रा शिरेतून अॅटॉर्वास्टॅटिनच्या वेळी दिली तर ओएटीपी अडतो आणि अॅटॉर्वास्टॅटिनचा संपर्क जवळपास सात पट होतो. रोज देत राहिलं की एन्झाइम वाढतात, आणि अॅटॉर्वास्टॅटिन काही तासांनी दिलं तर संपर्क ८० टक्क्यांनी घटतो. म्हणून पत्रकात दोन्ही एकाच वेळी घ्यायला सांगितलेलं आहे, म्हणजे वाहकाचा अडथळा एन्झाइमच्या वाढीला काही प्रमाणात तोलून धरतो. रिफॅम्पिसिन बंद केल्यावर वाहकाचा अडथळा एका दिवसात संपतो, वाढलेली एन्झाइमं उतरायला दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांसाठी तिसरी ओळही लागेल.